विचारा, सांगते: आपत्तीचं ट्रेनिंग दिल्लीतून गल्लीत कसं पोचतं

मागच्या अंकात पावसाळ्याआधीच्या तयारीवर लिहिताना मी एक ओळ टाकली होती की सरकारी ट्रेनिंगच्या सोयी आपल्याला वाटतात त्यापेक्षा बऱ्याच आहेत, फक्त त्या मागायला कुणी जात नाही. त्या एका ओळीवर इतके मेसेज आले की या वेळचा पूर्ण कॉलम त्यालाच दिलाय. नावं छापत नाहीये, गाव-तालुका तेवढा ठेवलाय. सगळ्यांना उत्तर देता आलं नाही, ज्यांचे प्रश्न सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न: ताई नमस्कार, मी महाड तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीचा सदस्य. आमच्या दोन वाड्या डोंगराच्या कुशीत आहेत. दर जूनमध्ये नोटीस येते की सुरक्षित ठिकाणी जा, आता जायचं कुठे ते कुणी सांगत नाही. टीव्हीवर एनडीएमए, एनआयडीएम, एनडीआरएफ अशी नावं ऐकतो. यातलं आम्हाला ट्रेनिंग कोण देणार? दिल्लीला पत्र लिहायचं का?

उत्तर: दादा, दिल्लीला नका लिहू, अलिबागला कलेक्टर ऑफिसला लिहा. का ते सांगते, जरा लांबण लागेल पण एकदा हे समजलं की पुढचं सोपं जातं.

2005 साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, त्यातून ही सगळी मंडळी आली. एनडीएमए म्हणजे राष्ट्रीय प्राधिकरण, पंतप्रधान त्याचे अध्यक्ष असतात, ते धोरण आणि मार्गदर्शक सूचना ठरवतं. एनडीआरएफ म्हणजे केशरी कपड्यातले जवान जे आपल्याला टीव्हीवर दिसतात, बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी अशा दलांमधून डेप्युटेशनवर आलेले, त्यांच्या देशभरात 16 बटालियन आहेत आणि आपल्यासाठी जी येते ती पाचवी, तिचा तळ पुणे जिल्ह्यात तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. आणि एनआयडीएम ही शिकवणारी संस्था. ती कायद्याच्याही आधीची आहे बरं का, 1995 साली दिल्लीत आयआयपीए या लोकप्रशासन संस्थेच्या आवारात एक राष्ट्रीय केंद्र म्हणून सुरू झाली, 2003 मध्ये तिचं संस्थेत रूपांतर झालं आणि कायद्याच्या कलम 42 नं तिला दर्जा दिला. आता तिचा कॅम्पस दिल्लीत रोहिणीला आहे, आणि दक्षिणेकडचा आंध्रात विजयवाड्याजवळ, त्याचं उद्घाटन जानेवारी 2025 मध्ये झालं.

एनआयडीएमचं मुख्य काम म्हणजे अभ्यासक्रम तयार करणं, संशोधन करणं आणि शिकवणाऱ्यांना शिकवणं. म्हणजे तिथे राज्यांचे अधिकारी, डॉक्टर, इंजिनिअर, प्रशिक्षण संस्थांचे लोक जातात, ते परत येऊन आपापल्या राज्यात शिकवतात. आपल्याकडे ते काम पुण्याच्या यशदामधलं, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यांना ट्रेनिंग देणाऱ्या राज्याच्या संस्थेतलं, आपत्ती व्यवस्थापन केंद्र करतं, किल्लारीच्या भूकंपानंतरच्या वर्षांत ते उभं राहिलं. यशदातून तहसीलदार, बीडीओ, ग्रामसेवक, आणि तिथून गाव. कागदावर साखळी अशी आहे. ती कुठे तुटते ते मी बरीच वर्षं बघतेय. ट्रेनिंग घेतलेल्या तहसीलदार साहेबांची बदली होते, नवीन साहेब येतात त्यांना आधीच्यांनी काय शिकलं ते माहीत नसतं, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी बऱ्याच ठिकाणी कंत्राटावर असतो, त्यालाही कधी जावं लागतं, आणि गावापर्यंत पोचते ती फक्त नोटीस. तुम्हाला मिळते तीच.

म्हणून मागणी खालून गेली पाहिजे, आणि ती भीक नाहीये, कायद्यात लिहिलेलं आहे. कलम 30 मध्ये जिल्हा प्राधिकरणाच्या कामांमध्ये कर्मचारी आणि स्वयंसेवकांचं ट्रेनिंग भरवणं आणि लोकांमध्ये जागृती करणं हे स्पष्ट दिलंय. कलम 41 तर तुमच्यासाठीच आहे, त्यात ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थेनं आपले कर्मचारी आपत्तीच्या कामासाठी प्रशिक्षित आहेत याची खात्री करायची आहे. ग्रामसभेत ठराव करा, त्यात ही दोन्ही कलमं लिहा, किती माणसं ट्रेनिंगला तयार आहेत त्यांची यादी जोडा आणि कलेक्टर, जिल्हा परिषद अध्यक्ष दोघांच्या नावे द्या, कारण जिल्हा प्राधिकरणात कलेक्टर अध्यक्ष असतात आणि झेडपी अध्यक्ष सहअध्यक्ष. पोच घ्या.

तुमच्या तालुक्यातलं तळिये तुम्ही विसरला नसाल. 22 जुलै 2021, महाड पाण्याखाली, रस्ते बंद, आणि दरड कोसळल्यावर बाहेरची टीम तिथे पोचायला दुसरा दिवस उजाडला. दोन वर्षांनी खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी, 19 जुलै 2023 ची रात्र, तिथे तर गाडीरस्ताच नाही, जेसीबी वर नेता येईना, जवानांना चिखलातून डोंगर चढून जावं लागलं, नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी त्या चढणीतच गेले. 27 मृतदेह मिळाले आणि 57 माणसं बेपत्ता म्हणून शोध थांबवला. आणि ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे तेव्हा सरकारनंच सांगितलं. याचा अर्थ यादीत नाव आहे का नाही यावर विसंबून राहू नका. वरच्या अंगाला जमिनीत नवीन भेग पडली, झाडं किंवा विजेचे खांब कलले, घराचं दार अचानक घासायला लागलं, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं किंवा नेहमीचा झरा आटला, यातलं काहीही दिसलं की रात्रीची वाट न बघता निघायचं. हे बघायचं कुणी, फोन कुणाला करायचा, आणि रात्री दोन वाजता म्हाताऱ्यांना कुणी उचलायचं, ही नावं ठरवणं म्हणजेच तुमच्या गावाचं ट्रेनिंग. "जायचं कुठे" हा तुमचा प्रश्न तर पहिल्या दिवशीच विचारा, शाळा की मंगल कार्यालय, चावी कुणाकडे, वाट ओढ्यातून जाते का, आणि उत्तर लेखी मागा.

प्रश्न: मी परभणीला बीएससी सेकंड इयरला आहे, एनएसएसमध्ये आहे. आपदा मित्र व्हायचं आहे. त्यात नोकरी लागते का? घरचे म्हणतात वेळ वाया घालवू नको.

उत्तर: आधी नोकरीचं स्पष्ट सांगते म्हणजे घरी खोटं सांगावं लागणार नाही. आपदा मित्र ही नोकरी नाही, पगार नाही, स्वयंसेवक म्हणून काम आहे. कुणी "सर्टिफिकेट घ्या, सरकारी भरती होईल" असं सांगून पैसे मागत असेल तर त्याच्या नादी लागू नकोस, या ट्रेनिंगला फी नसते.

आता ते आहे काय ते बघ. 2016 मध्ये एनडीएमएनं देशातल्या 30 पूरप्रवण जिल्ह्यांत प्रत्येकी 200 म्हणजे 6000 लोकांना शिकवून बघितलं, ते जमलं म्हणून 2021 पासून 350 जिल्ह्यांत 1 लाख स्वयंसेवकांचं उद्दिष्ट घेतलं. 18 ते 40 वयाचे लोक, 12 दिवसांचं ट्रेनिंग, पुरातून माणूस काढणं, प्रथमोपचार, आग, सर्पदंश, दोराच्या गाठी, ढिगाऱ्यात शोध. सोबत एक किट मिळतं, लाइफ जॅकेट, हेल्मेट, टॉर्च, गमबूट, रेनकोट, शिट्टी वगैरे, आणि विम्याची सोय. त्यानंतर आली युवा आपदा मित्र योजना, ती थेट तुझ्यासारख्यांसाठी आहे, एनसीसी, एनएसएस, स्काउट-गाइड, माय भारत यातल्या 2 लाख 37 हजारांच्या वर मुलामुलींना शिकवायचं ठरलंय. तेव्हा पहिलं कॉलेजच्या एनएसएस कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचार की आपल्या जिल्ह्याची बॅच कधी आहे, त्यांना माहिती नसेल तर कलेक्टर ऑफिसच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात जा, 1077 वर फोन केलास तरी लागतो.

तुझ्या घरच्यांना एक सांग. परभणीकडे पुराइतकीच वीज पडून माणसं आणि जनावरं जातात, शेतात काम करताना. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं त्यासाठी दामिनी नावाचं ॲप काढलंय, आजूबाजूला वीज पडायची शक्यता असली की अलर्ट देतं. ते फोनमध्ये टाकून देणं आणि अलर्ट आला की झाडाखाली थांबायचं नाही हे आईवडिलांना, शेतगड्यांना पटवणं, हे तू ट्रेनिंगची वाट न बघता या रविवारी करू शकतोस. आणि याच विषयात पुढे करिअर करायचं असेल तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचं मास्टर्स आहे, इग्नूचा पीजी डिप्लोमा घरबसल्या होतो, एनआयडीएमचे ऑनलाइन कोर्स आणि वेबिनार आहेत. पण आधी डिग्री नीट पूर्ण कर.

प्रश्न: मी लातूर जिल्ह्यात हायस्कूलला शिक्षिका आहे. वर्षातून एकदा मॉक ड्रिल करायचा आदेश येतो. घंटा वाजते, मुलं मैदानावर पळतात, फोटो काढतो, अहवाल अपलोड होतो. मला हे बघवत नाही, आपल्या जिल्ह्यानं किल्लारी बघितलंय. खरं ड्रिल कसं असतं?

उत्तर: मॅडम, तुमचा मेसेज मी दोनदा वाचला. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं, लोक दमून झोपलेले, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं. त्या जिल्ह्यातल्या शाळेत ड्रिलचा फोटोपुरता कार्यक्रम व्हावा याचं वाईट तुमच्यासारख्या माणसालाच वाटणार.

एनडीएमएच्या पद्धतीत ड्रिलच्या आधी टेबलटॉप असतं, म्हणजे सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसून "समजा आत्ता झालं तर कोण काय करेल" हे बोलून काढायचं. शाळेत ते अर्ध्या तासात होतं आणि खरं शिक्षण तिथेच होतं. एका शाळेतलं सांगते, नाव नको. आम्ही टेबलटॉपला बसलो, मुख्याध्यापक म्हणाले मुलं मागच्या गेटनं बाहेर काढू. मी विचारलं गेटला कुलूप असतं ना, चावी कुठे असते. शिपाई मामांकडे. मामा कुठे आहेत. मामा बँकेत गेले होते. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, आणि त्या दिवशी दुसरी चावी करून ती ऑफिसच्या दाराबाहेर काचेच्या पेटीत लावायचं ठरलं. पुढे ड्रिलच्या दिवशी, मुख्याध्यापकांना सांगून, आम्ही आठवीतल्या एका मुलीला लायब्ररीत बसवून ठेवलं. वर्ग मैदानावर आला, वर्गशिक्षकांनी रांगेकडे बघून "सगळे आहेत" असं सांगितलं. हजेरीपुस्तक वर्गातच राहिलेलं. ते आणून नावं घ्यायला लावली तेव्हा कळलं एक मुलगी कमी आहे. त्या सरांचा चेहरा मी विसरणार नाही, आणि त्यांनी त्यानंतर हजेरी बरोबर घेतल्याशिवाय वर्ग सोडलेला नाही हेही मला माहीत आहे.

तेव्हा एवढं करा. घंटा कधी वाजणार ते मुलांना आधी सांगू नका. भूकंपाचं ड्रिल असेल तर हादरा चालू असताना पळायचं नाही, बाकाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, बाकाचा पाय धरायचा, थांबल्यावर मग बाहेर, जिन्यात ढकलाढकली नाही. कधी मधल्या सुट्टीत ड्रिल घ्या, कारण भूकंप तासाला धरून येत नाही. कुबडी किंवा व्हीलचेअरवर कुणी असेल तर त्याच्यासोबत कोण हे वर्गातल्या दोन मुलांच्या नावासकट ठरलेलं असू द्या. मैदानावर विजेच्या तारेखाली रांगा लावू नका, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय. नंतर मुलांनाच विचारा काय चुकलं, ती फार खरं सांगतात. आणि जे चुकलं तेच अहवालात लिहा. वरच्या ऑफिसला सगळं छान झालं असाच अहवाल हवा असतो असं आपण धरून चालतो, पण गेट अरुंद आहे हे लेखी गेलं तर गेट मोठं करायला निधी मागता येतो, छान झालं असं लिहिलं तर काय मागणार.

ट्रेनर हवा असेल तर जिल्हा आपत्ती कक्षाला पत्र द्या, सुदुंबऱ्याची बटालियन शाळांसाठी आणि गावांसाठी प्रात्यक्षिकं करते, जिल्ह्यातून मागणी गेली की येतात. धुळे आणि नागपूरला राज्याच्या दलाच्या, एसडीआरएफच्या, तुकड्या आहेत त्यांनाही बोलावता येतं.

प्रश्न: पलूस तालुका, सांगली. 2019 च्या पुरानंतर आमच्या गावाला यांत्रिक बोट मिळाली. ती ताडपत्रीखाली पडून आहे. चालवायला येणारे दोघं होते, एक पुण्याला कामाला गेला. पुराच्या वेळी काय करायचं?

उत्तर: तुमच्या तालुक्यातलंच ब्रह्मनाळ, 8 ऑगस्ट 2019, क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली आणि बोट उलटली, बायका-मुलं गेली. त्यानंतर बोटी वाटल्या गेल्या ते चांगलंच झालं, पण बोट देणं हे निम्मंच काम, चालवणारा तयार ठेवणं हे उरलेलं निम्मं, आणि ते दर वर्षी करावं लागतं.

पहिलं आज करा. ताडपत्री काढा, रबरी बोट असेल तर हवा भरून रात्रभर ठेवा, सकाळी कुठल्या कप्प्यातली हवा उतरलीय ते बघा, साबणाच्या पाण्यानं बारीक गळती सापडते. उंदरांनी कुरतडलेलं असतं बऱ्याचदा. इंजिन, म्हणजे ओबीएम, मागच्या वर्षीचं पेट्रोल आत असेल तर ते काढून टाका, कार्बोरेटर साफ करून घ्या, आणि महिन्यातून एकदा पाण्याच्या पिंपात बुडवून दहा मिनिटं चालवा. पाण्याबाहेर चालवू नका, तापून जाम होतं. लाइफ जॅकेटच्या पट्ट्या आणि बकलं ओढून बघा, उन्हानं कुजलेली असतात.

दुसरं, चालवणारे दोघं चालणार नाहीत, किमान सहा-सात जण हवेत, आणि त्यातले निम्मे तरी गावातच राहणारे, शेती करणारे. पुराच्या पाण्यात बोट चालवणं नदीत चालवण्यासारखं नसतं हे ज्यानं केलंय त्याला माहीत आहे. खाली उसाचं रान असतं, पंख्यात पाचट अडकतं, कुंपणाची काटेरी तार रबर फाडते, आणि विजेच्या तारा डोक्याच्या उंचीवर आलेल्या असतात म्हणून महावितरणला लाइन बंद केल्याचं विचारल्याशिवाय बोट सोडायची नाही. बोट वळवताना माणसं एका बाजूला झुकली की संपलं, म्हणून बोटीत एक माणूस असा ठेवायचा ज्याचं काम फक्त माणसं मोजणं आणि बसवणं, त्यानं "बस, आता नाही" म्हटलं की सरपंचांचा पाहुणा असला तरी पुढच्या फेरीला. हे मान्य करून घेणं इंजिन शिकण्यापेक्षा अवघड आहे, त्यामुळे ते ग्रामसभेत आधीच ठरवा, पाणी दारात आल्यावर कुणी ऐकत नाही.

ट्रेनिंगसाठी मे महिन्यात तहसीलदारांना पत्र द्या. पावसाळ्यात एनडीआरएफच्या टीम कोल्हापूर-सांगली भागात आधीच येऊन थांबतात, तेव्हा त्यांच्यासोबत तुमच्या पोरांना दोन दिवस नदीवर उतरवायची विनंती करा. मी असं सत्र बघितलंय, जवानानं पोरांना आधी पोहायलाच लावलं नाही. काठावर बसवून दोर फेकायला लावला, वीस-पंचवीस फुटांवर तरंगणाऱ्या डब्यापर्यंत, पुन्हा पुन्हा, हात दुखेपर्यंत. एक पट्टीचा पोहणारा गडी कंटाळला, म्हणाला मी सरळ उडी मारून आणतो. जवान म्हणाला, बुडणारा माणूस तुला धरून खाली नेईल, आधी हात दे, मग काठी, मग दोर, मग बोट, यातलं काहीच नसेल तरच तू पाण्यात. संध्याकाळपर्यंत तोच गडी बाकीच्यांना दोराची गुंडाळी कशी धरायची ते शिकवत होता.

प्रश्न: नागपूरहून लिहितेय. आमच्याकडे सिव्हिल डिफेन्स कॉलेज होतं ते बंद झालं का?

उत्तर: बंद नाही झालं, एनडीआरएफ अकॅडमीत विलीन झालंय. नागपूरकरांनी अभिमान बाळगावा अशी ती जागा आहे. 29 एप्रिल 1957 ला तिथे केंद्राची आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था सुरू झाली, 1968 मध्ये तिचं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झालं. म्हणजे आपत्ती व्यवस्थापन हा शब्द सरकारी कागदात रुळायच्या कितीतरी आधी नागपुरात लोक ढिगाऱ्यातून माणूस काढायला शिकत होते. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही 1957 पासून नागपुरातच आहे, देशभरातले फायर ऑफिसर तिथे घडतात. नागपूरच्या सोसायट्यांनी, हॉस्पिटलांनी याचा उपयोग करून घ्यायला पाहिजे, एवढं दाराशी असून आगीचं साधं ड्रिल न झालेल्या इमारती तिथेही आहेतच.

प्रश्न: मी कामानिमित्त जपानमध्ये ओसाकाला राहतो, मूळचा चिपळूणचा. इथे सोसायटीत येऊन ड्रिल शिकवतात. कोबेची संस्था ऐकली असेल, त्यातलं कोकणात काय करता येईल?

उत्तर: 17 जानेवारी 1995 च्या भूकंपात कोबे भागात 6434 माणसं गेली, त्यानंतर 2002 मध्ये तिथे आपत्ती निवारणाची जी संस्था उभी राहिली तिच्याबद्दल मला फार आदर आहे. एकाच छताखाली संग्रहालय, संशोधन, आणि पालिका अधिकाऱ्यांचं ट्रेनिंग, आणि वाचलेली माणसं स्वतः येणाऱ्यांना आपला अनुभव सांगतात. त्या भूकंपातही दबलेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं होतं. जपानसारख्या देशात हे, मग आपल्याकडे वेगळं काय होणार.

कोकणात घ्यायचं तर हेच घ्या, सांगणारी माणसं. तुमच्या चिपळूणमध्ये 2021 च्या जुलैत पाणी पहिल्या मजल्यावर गेलं होतं, ज्यांनी ती रात्र काढली ते लोक अजून आहेत. किती वाजता पाणी कुठल्या पायरीला होतं, कुणाच्या गच्चीवर किती माणसं थांबली, वाशिष्ठीचं पाणी आधी कुठल्या गल्लीत शिरलं, हे त्यांच्याकडून लिहून घेतलं आणि नवीन आलेल्या प्रांताधिकाऱ्यापासून शाळेतल्या पोरांपर्यंत सगळ्यांना त्यांच्याच तोंडून ऐकवलं तर ते यशदातल्या कुठल्याही स्लाइडपेक्षा जास्त लक्षात राहील. पुराच्या खुणा भिंतींवर रंगवा, तारीख टाकून. सुट्टीवर याल तेव्हा तुम्हीच सुरुवात करा, मी मदतीला येईन.

प्रश्न: सरपंच, भोर तालुका. ट्रेनिंगचं सगळं ठीक, पैसा कुठून आणायचा?

उत्तर: पैसा आहे. 15 व्या वित्त आयोगानं 2021 ते 26 साठी राज्यांच्या आपत्ती निधीला 1,60,153 कोटी ठरवले आणि पहिल्यांदाच त्यात खाती पाडून दिली, त्यातले 10 टक्के फक्त पूर्वतयारी आणि क्षमता वाढवण्यासाठी आणि 20 टक्के धोका कमी करण्यासाठी. म्हणजे पूर आल्यावर वाटायचे पैसे वेगळे आणि शिकायचे पैसे वेगळे. जिल्ह्याच्या आराखड्यात तुमच्या गावाचं ट्रेनिंग आणि दोर-टॉर्च-स्ट्रेचरचं साहित्य घातलं तरच ते खाली येतं, म्हणून आराखडा दर वर्षी नव्यानं करतात तेव्हा तुमचा ठराव टेबलावर असला पाहिजे. बाकी उत्तर महाडच्या दादांना दिलंय तेच.

प्रश्न: धाराशिव जिल्हा. आमच्या बचत गटात पंधरा बायका आहोत. ट्रेनिंगची यादी झाली त्यात एकही बाई नाही. ग्रामसेवक म्हणाले हे जवानांचं काम आहे, तुमचं नाही. खरंच नाही का?

उत्तर: ताई, ग्रामसेवकांना त्यांच्याच जिल्ह्याचा इतिहास सांगा. किल्लारीनंतर हजारो घरं दुरुस्त आणि भक्कम करायचा कार्यक्रम जागतिक बँकेच्या मदतीनं चालला होता, तेव्हा गावात तो समजावायला आणि सरकारी इंजिनिअर आणि लोक यांच्यामध्ये बोलायला महिला मंडळांच्या बायका नेमल्या होत्या, त्यांना संवाद सहायक म्हणायचे. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं हे काम उभं केलं. भिंतीच्या कोपऱ्याला पट्टी कशी द्यायची, लिंटेलला, म्हणजे दार-खिडकीच्या वरच्या पातळीला, सलग बांध कसा घालायचा, दगडी भिंतीत आरपार दगड का लागतात, हे त्या बायका शिकल्या, गवंड्यानं चुकवलं तर त्याला थांबवायच्या. आणि 2001 मध्ये भूजचा भूकंप झाला तेव्हा लातूर-धाराशिवच्या याच बायका कच्छला गेल्या, तिथल्या बायकांशी बोलल्या की आम्ही पण यातून गेलोय, घर बांधताना तुम्ही समोर उभ्या राहा. दिल्लीहून अधिकारी गेले असतील, पण हे त्यांना सांगता आलं नसतं.

तेव्हा यादीत तुमची नावं घालायला लावा, निदान निम्मी. कारण दुपारी गावात पुरुष शेतावर नाहीतर तालुक्याला असतात, घरात म्हातारी माणसं, बाळंतीण, लहान मुलं कुठे आहेत ते तुम्हाला माहीत असतं. शोधकार्यात पहिला प्रश्न असतो की या घरात किती माणसं होती आणि कुठल्या खोलीत झोपतात, त्याचं उत्तर जवानाकडे नसतं. शिवाय बऱ्याच बाया परक्या पुरुषानं हात धरून बोटीत घ्यायला तयार होत नाहीत, हे पुरात प्रत्यक्ष घडतं, तिथे गावातली ओळखीची बाई असली की पटकन येतात.

तुमच्या पुढच्या मासिक बैठकीत एवढं करा, घरातली एक सतरंजी किंवा घोंगडी आणि दोन बांबू आणा, त्याचा स्ट्रेचर करून गटातल्याच एका बाईला अंगणातून रस्त्यापर्यंत न्या, कुठे अडकतं ते बघा. पुढच्या महिन्याच्या बैठकीला पीएचसीतल्या सिस्टरला बोलावून छाती दाबायचं शिकून घ्या, मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खाली, उशीवर सराव करता येतो. मग कलेक्टर ऑफिसला पत्र लिहा, पंधरा जणींच्या सह्या करा, आणि त्यात लिहा की आम्हाला आपदा मित्रच्या पुढच्या बॅचमध्ये घ्या. काय उत्तर येतं ते मला कळवा, नाही आलं तरी कळवा.

पुढच्या अंकासाठी प्रश्न 20 तारखेपर्यंत पाठवा, हॉस्पिटल आणि मंगल कार्यालयातल्या आगीबद्दलचे प्रश्न आधी घेणार आहे.